धुळाक्षरांचा प्रवास

विजयादशमीच्या सकाळी मद्रास शहराच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, टी. नगर या वस्तीत अनेक घरांतून आणि देवळांतून एक छोटासा विधी चाललेला दिसतो. तीन-चार वर्षांचे मूल आजोबांच्या किंवा गुरुजींच्या मांडीवर बसलेले असते. पुढ्यात ताटभर तांदूळ पसरलेले असतात. वडीलधारे माणूस मुलाच्या उजव्या हाताची तर्जनी आपल्या मुठीत धरते आणि त्या तांदळांत पहिले अक्षर काढविते. अक्षर तोंडाने उच्चारायचे आणि त्याच क्षणी बोटाने काढायचे, असा रिवाज आहे. मग तळहाताने तांदूळ सारखे केले जातात आणि ताट दुसऱ्या मुलासाठी सिद्ध होते. मूल कधी रडते, कधी तांदळाचे दाणे तोंडात घालते. पण अक्षरांशी त्याची पहिली भेट झाली, या समाधानात सारे घर असते.

टी. नगर ही वस्ती तशी जुनी नव्हे. पूर्वी येथे मांबलम् गावाची शिवारे आणि एक विस्तीर्ण तळे होते. १९२० नंतरच्या काही वर्षांत ते तळे आटवून, रस्ते आखून नवी नगरी वसविण्यात आली आणि जस्टिस पक्षाचे पुढारी सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला मिळाले. त्यागराय नगराचे पुढे टी. नगर झाले. नगर नवे असले, तरी ताटातल्या तांदळांवर बोट फिरविण्याचा प्रघात फार जुना आहे. तो एकट्या तमिळ देशाचाही नाही. महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीपूजन होते आणि एकच्या आकड्यांची सरस्वती काढून मुले तिच्यावर फुले वाहतात. कोणत्याही कामाच्या आरंभाला मराठीत 'ओनामा' म्हणतात. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाने जुन्या शाळांत अक्षरशिक्षण सुरू होई. त्या वचनाचा मुलांच्या तोंडी झालेला हा अवशेष. तेलुगूत तर मुळाक्षरांनाच 'ओनमालु' म्हणतात. आणि एखाद्या विषयात माणूस अगदी नवशिका असेल, तर तो त्या विषयाची 'धुळाक्षरे गिरवीत आहे' असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. त्या शब्दातली धूळ अक्षरशः धूळ होती, याची आठवण मात्र आता फारशी कोणाला राहिलेली नाही.

धुळीत बोटाने अक्षर काढण्याच्या या साध्या रीतीला मोठा इतिहास आहे. टी. नगरपासून चार-पाच मैलांच्या परिसरात तिच्या चरित्रातील दोन महत्त्वाचे प्रसंग घडले. एकदा ती येथून विलायतेला गेली आणि दीडशे वर्षांनंतर निराळ्या वेषात युरोपातून येथे परत आली. या जाण्यायेण्यात काय टिकले आणि काय गळाले, हे पाहणे उद्बोधक आहे; कारण लहान मूल अक्षर ओळखायला आणि लिहायला कसे शिकते, हा प्रश्न आजही प्रत्येक घरात उभा राहतो.

या रीतीचे एक जुने आणि बोलके वर्णन पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने करून ठेविले आहे. १६२३ साली तो केळदीच्या नायकांच्या राज्यात प्रवास करीत होता. तेथे एका देवळाच्या ओसरीवर चार मुले अभ्यास करताना त्याने पाहिली. ती एका सुरात अंक म्हणत होती आणि म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने तेच लिहीत होती. जागा भरली, की लिहिलेले पुसून ती नवी वाळू पसरीत. कागद नाही, शाई नाही, आणि आश्चर्य म्हणजे गुरुजीही नाहीत. 'चुकले तर कोण सांगते?' अशा अर्थाचा प्रश्न त्याने केला. तेव्हा मुले म्हणाली, आम्ही एकमेकांना शिकवितो. चौघेही एकदम विसरतील असे घडत नाही, म्हणून गुरुजींवाचून अडत नाही. या उत्तरावर तो प्रवासी प्रसन्न झाला. मुलांच्या दृष्टीने त्यात विशेष काहीच नव्हते.

दक्षिणेत अशा शाळांना 'तिण्णै पळ्ळिक्कूडम्' म्हणत. तिण्णै म्हणजे घराच्या दर्शनी भागातला ओटा. तेव्हा ती ओट्यावरची शाळा. महाराष्ट्रातील पंतोजींची शाळाही बहुधा कोणाच्या पडवीत किंवा देवळाच्या ओवरीतच भरे. या शाळांचा कारभार कसा चाले, याची सविस्तर हकीकत बळ्ळारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्बेल याने १८२३ साली मद्रास सरकारला लिहून पाठविली. मराठी वाचकाला तिच्यात जवळीक वाटावी असा एक आकडा आहे. त्या जिल्ह्यातील ५३३ शाळांपैकी २३५ कन्नड आणि २२६ तेलुगू होत्या, आणि मराठी शाळा २३ होत्या.

कॅम्बेल सांगतो, की शाळा सकाळी सहाला उघडे. जो मुलगा सर्वांच्या आधी येई, त्याच्या तळहातावर सन्मान म्हणून सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत. म्हणजे त्याला ना शाबासकी ना बोल. तिसऱ्याला छडीचा एक हलका फटका, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक अधिक. मुलांचे साधारण चार वर्ग असत. खालच्या वर्गांकडे वरच्या वर्गातली मुले पाहात आणि वरच्यांकडे स्वतः गुरुजी. शाळेत आलेल्या नव्या मुलाचे पहिले काम मुळाक्षरे शिकण्याचे. ती तो वाळूत बोटाने लिहून शिके. युरोपात मुले आधी अक्षरांची नावे घोकतात, तसे येथे करीत नाहीत, असे कॅम्बेलने मुद्दाम नोंदविले आहे. वाळूत बोट सफाईने वळू लागले, म्हणजे मुलाला बढती मिळे. मग ताडपत्रावर लोखंडी लेखणीने, कागदावर बोरूने किंवा काळ्या केलेल्या घडीच्या कापडावर खडूसारख्या कांडीने लिहिण्याचा त्याला अधिकार येई.

महाराष्ट्रात ही पायरी धूळपाटीवर होत असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरायची, तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे आणि पाटी हलविली की पुन्हा कोरी. धूळपाटीनंतर बोरू आणि कित्ता. बाळबोध वळण बसले, की मग मोडी. देवनागरी लिपीला मराठीने 'बाळबोध' हे नाव दिले, यातच तिच्याविषयीचा भाव दिसतो. मुलाला बोध व्हावा अशी ती सुटी, मोकळी, प्रत्येक अक्षर वेगळे दाखविणारी लिपी. आणि हात न उचलता धावणारी मोडी ही जाणत्या कारकुनाची.

या ओट्यावरच्या शाळेकडे एका परक्या माणसाचे लक्ष गेले आणि तेथून तिची कीर्ती सातासमुद्रांपलीकडे पोहोचली. त्या माणसाचे नाव डॉ. अँड्र्यू बेल. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी १७५३ साली जन्मलेला हा धर्मोपदेशक १७८७ मध्ये मद्रासला आला. १७८९ साली शहरातील एग्मोर भागात, एका जुन्या गढीत, कंपनीच्या गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम निघाला. या मुलांच्या माता बहुतेक देशी होत्या. बेल वेतन न घेता त्या आश्रमाचा अधीक्षक झाला. पगारी शिक्षक मन लावून शिकवीत नसत आणि लहानग्यांचा वर्ग मुळाक्षरांपाशीच अडून राही. अशा चिंतेत असताना एके दिवशी सकाळी घोड्यावरून जाता जाता त्याला एक देशी शाळा दिसली. लहान मुले रांगेने जमिनीवर बसून वाळूत बोटांनी अक्षरे काढीत होती. बेलला वाट सापडली. त्याने आश्रमात परत येऊन खालच्या वर्गाच्या शिक्षकाला तसे शिकविण्यास सांगितले. शिक्षकाने ते जमणार नाही म्हणून टाळले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या, एका साध्या शिपायाच्या मुलाला तो वर्ग दिला. शिक्षकाला जे अशक्य वाटले, ते या मुलाने करून दाखविले. मग एकामागून एक वर्ग मुलांच्याच हाती गेले.

योगायोग असा, की त्याच काळात मद्रासमध्ये एक मराठी राजपुत्रही शिकत होता. तंजावरच्या गादीच्या वादामुळे सरफोजी भोसले यांना १७९३ साली मद्रासला आणून ठेविले होते. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजपुत्राला येथे गेरिके हे दुसरे मिशनरी शिकवीत. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. राज्याची सत्ता पुढल्याच वर्षी कंपनीकडे गेली. तेव्हा त्यांनी आपले चित्त ग्रंथ, शाळा आणि छापखाना यांत घातले. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्रासारख्या अन्नछत्रांना जोडून त्यांनी मोफत शाळा चालविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांच्या छापखान्यातून 'बालबोधमुक्तावली' हे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर देवनागरीत छापून निघाले. पुण्या-मुंबईत मुलांसाठी मराठी पुस्तक छापले जाण्याच्या कितीतरी आधी ते कावेरीच्या काठी, तमिळ मुलखात छापले गेले.

बेल १७९६ साली मद्रास सोडून मायदेशी गेला आणि पुढल्या वर्षी त्याने आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर या तरुणाने लंडनच्या बरो रोडवर गरीब मुलांची शाळा काढली आणि तोही मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवू लागला. या पद्धतीचा जनक कोण, यावरून दोघांच्या अनुयायांत पुढे मोठे भांडण माजले. त्याला पंथभेदाचाही रंग चढला. कारण बेल प्रस्थापित चर्चचा आणि लँकेस्टर क्वेकर. १८११ साली चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने बेलची पद्धत उचलली आणि इंग्लंडभर हजारो शाळा निघाल्या. 'मद्रास पद्धती' हे नाव इंग्लंडमध्ये सर्वतोमुखी झाले. बेल १८३२ साली वारला, तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये समाधी मिळाली. त्याच्या देणगीतून सेंट अँड्र्यूज येथे निघालेली 'मद्रास कॉलेज' ही शाळा आजही त्याच नावाने चालू आहे. दूर स्कॉटलंडातील मुले मद्रासचे नाव आपल्या शाळेवर मिरवितात, त्याचे मूळ एग्मोरजवळच्या एका अनाम ओट्यावर आहे. त्या ओट्यावरच्या गुरुजींचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

या प्रवासात काय टिकले? वाळू काही वर्षे टिकली. लँकेस्टरच्या शाळांत सर्वांत लहान मुलांसाठी कडा उचललेले वाळूचे मेज असे. मुले तीत अक्षर काढीत आणि वरच्या वर्गातला मुलगा एका सपाट साधनाने वाळू सारखी करी. परंतु इंग्लंडला त्या काळी मोह पडला तो काटकसरीचा. एका शिक्षकाच्या नजरेखाली शेकडो मुले बसविता येतात, पाट्या-पुस्तकांचा खर्च वाचतो, या हिशेबावर ती पद्धत उभी राहिली. देवळाच्या ओसरीवर चार मुले एकमेकांच्या चुका सांभाळून घेत होती. येथे शेकडो मुले हुकुमासरशी उठत, बसत आणि पाट्या वर करून दाखवीत. सोबत्याचे शिकविणे गेले आणि कवाईत आली. अशी शाळा फार काळ समाधान देऊ शकली नाही. १८४६ नंतर इंग्लंडात तिच्या जागी उमेदवार शिक्षकांची निराळी व्यवस्था येत गेली. हीच पद्धत 'लँकेस्टरची पद्धत' म्हणून मुंबई इलाख्यातही आली. १८२० नंतरच्या दशकात मुंबईत शालोपयोगी पुस्तके तयार करणारी संस्था निघाली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली शिक्षक तयार झाले आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' ही पुस्तके मुलांच्या हाती पडली. पंतोजींच्या शाळेतून उचललेली रीत पंतोजींच्याच मुलखात नवी विलायती म्हणून परत आली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

मात्र जुन्या ओट्यावरच्या शाळेचे केवळ गुणगान करून भागणार नाही. कॅम्बेलने तिच्या काटकसरीची आणि मुलांनी मुलांना शिकविण्याच्या रीतीची मुक्तकंठाने स्तुती केली. तसाच तिचा दोषही दाखविला. मुलाला अक्षर येई, पण पुढे जे ग्रंथ पाठ करावे लागत त्यांची भाषा बोलीहून इतकी दूर होती, की मूल पोपटासारखे म्हणे आणि अर्थ हाती लागत नसे. दुसरा दोष याहून मोठा होता. मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो याने १८२२ साली साऱ्या इलाख्यात चौकशी करविली आणि १८२६ साली तिचा गोषवारा लिहिला. सुमारे १ कोटी २८ लाख वस्तीच्या त्या इलाख्यात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी नोंदले गेले. हे आकडे त्या काळाच्या मानाने खचित मोठे आहेत. तमिळ जिल्ह्यांत तर ब्राह्मणेतर मुलांची संख्याच अधिक होती. पण या विद्यार्थ्यांत मुली किती? ४,५४०. म्हणजे शंभर मुलांमागे तीनही नाहीत. काही मुली घरी शिकत असतील हे मान्य केले, तरी ओट्यावरच्या वाळूला बोट लावण्याचा अधिकार मुलीला जवळजवळ नव्हता. वाळू कोणाच्याही दारात फुकट मिळत होती. अडसर साधनांचा नव्हता. तो दूर करण्यासाठी पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मुलींची शाळा काढावी लागली आणि पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मुलांसाठीही शाळा उघडाव्या लागल्या. ज्या सावित्रीबाईंना स्वतः लग्नानंतर अक्षरे शिकावी लागली, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींच्या हाती पाटी दिली. अक्षरशिक्षणाच्या कोणत्याही पद्धतीची थोरवी सांगताना हा हिशेब विसरता येत नाही.

विसाव्या शतकात धुळाक्षरे मद्रासला परत आली, ती मादाम मारिया माँटेसरी यांच्याबरोबर. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. सुतार लाकूड घासायला वापरतात त्या वाळूच्या खरखरीत कागदाची अक्षरे कापून त्यांनी गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटविली. मूल दोन बोटांनी त्या अक्षरावरून, लिहिण्याच्याच दिशेने, हलकेच हात फिरवी आणि शिक्षिका अक्षराचे नाव न सांगता त्याचा ध्वनी उच्चारी. डोळा, कान आणि बोट यांना एकाच वेळी एकच गोष्ट कळे. असे काही दिवस गेल्यावर मुले एकाएकी आपण होऊन लिहू लागली. वाचन त्यानंतर आले. मुलाने आधी वाचावे आणि मग लिहावे, या रूढ समजुतीला त्यांनी असा धक्का दिला.

१९३९ च्या नोव्हेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून माँटेसरी मद्रासला आल्या. टी. नगरच्या दक्षिणेला, नदीपलीकडे असलेल्या अड्यारच्या विस्तीर्ण बागेत त्यांचा पहिला वर्ग भरला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुमारे तीनशे शिक्षक त्यासाठी आले होते. पुढे इटली युद्धात उतरताच इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरविले. त्यांच्यावर बंधने आली आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी माँटेसरींना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी व्हाइसरॉयने वाढदिवसाची भेट म्हणून मुलाला आईकडे परत पाठविले. काही महिन्यांसाठी आलेल्या या विदुषी युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या आणि त्या काळात त्यांच्या हाताखाली शेकडो शिक्षक तयार झाले. वाळूची अक्षरे घेऊन त्या ज्या शहरात आल्या, तेथूनच दीडशे वर्षांपूर्वी बेल वाळूवरची अक्षरे घेऊन गेला होता.

महाराष्ट्रात या विचाराला मातीचा वास आणला तो ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाची धुरा त्यांनी पुढे वाहिली. शहरातली बालमंदिरे चालविताना त्यांना एक गोष्ट खुपत होती. माँटेसरीची साधने महाग. ती खेड्यातल्या मुलाला कशी परवडावीत? १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, त्यांनी त्याचे उत्तर शोधले. बिया, शंख, खडे, पाने, काड्या हीच साधने झाली. मूल शाळेत येईना तर शाळाच त्याच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द तेथला. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. बेलने वाळूत पैशाची बचत पाहिली होती. ताराबाईंनी तिच्यात, आजवर वगळलेल्या मुलापर्यंत पोहोचण्याचा मार्ग पाहिला. साधन तेच, पाहण्याची दृष्टी बदलली, की त्याचे फळ बदलते.

आता पुन्हा टी. नगरकडे यावे. येथे देवनागरी लिपीचेही एक जुने घर आहे. महात्मा गांधींनी १९१८ साली मद्रासमध्ये हिंदी प्रचाराचे काम सुरू केले आणि आपले पुत्र देवदास यांना पहिले शिक्षक म्हणून पाठविले. ती दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा १९३६ साली टी. नगरात आली. १९४६ च्या आरंभी तिच्या रौप्यमहोत्सवासाठी गांधीजी येथे येऊन राहिले होते. अक्षरशिक्षणाविषयी गांधीजींचे मत त्यांच्या आत्मकथेत आढळते. आपले अक्षर वाईट राहिले याची त्यांना जन्मभर खंत होती. मुलाने फूल किंवा पक्षी जसा निरखावा तसे अक्षर आधी निरखावे, चित्र काढायला शिकावे आणि मग चित्रासारखे अक्षर काढावे, असे त्यांनी सुचविले.

टी. नगरातले तमिळ मूल सभेच्या प्राथमिक परीक्षेसाठी देवनागरी शिकू लागते, तेव्हा अक्षर म्हणजे काय हे फार स्पष्ट दिसते. तमिळ लिपीत बारा स्वर, अठरा व्यंजने आणि एक आयुधाक्षर. त्यांच्या मेळाने २४७ अक्षरे होतात. पण क, ख, ग, घ या चार ध्वनींना तेथे एकच चिन्ह पुरते. त्या मुलाला चार चिन्हे शिकण्याआधी चार ध्वनी वेगळे ऐकावे लागतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी का येते, याचे मात्र त्याला नवल वाटत नाही. कारण तमिळमध्ये 'ए'ची खूणही व्यंजनाच्या आधीच लिहितात. जोडाक्षर त्याला अवघड जाते, कारण तमिळ लिपी अक्षरे जोडीत नाही, वर टिंब देऊन मोकळी होते. मराठी मूल याच्या उलट 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत अडखळते. डोळ्याला ती सारखी दिसतात. हाताला ती वेगळी लागतात. वर्णमाला क, ख, ग अशी उच्चाराच्या क्रमाने लावलेली आहे. पण मराठी शिक्षकांनी 'ग म भ न' असा दुसरा क्रम रूढ केला, तो हाताच्या सोयीचा आहे. एकाच वळणाची अक्षरे शेजारी आली, की एकातून दुसरे सहज निघते.

अलीकडच्या संशोधनाने या जुन्या अनुभवाला पुष्टी दिली आहे. फ्रान्समध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांनी अक्षरे हाताने लिहून, तर काहींनी कळा दाबून शिकली. त्यांतल्या थोराड मुलांत हाताने लिहिणाऱ्यांना अक्षरे अधिक चांगली ओळखता आली. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, अजून वाचू न लागलेल्या मुलांच्या मेंदूचे निरीक्षण केले होते. अक्षर पाहताना वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते मुख्यतः, ज्यांनी ते अक्षर मोकळ्या हाताने काढले होते त्यांचे. ठिपक्यांवरून नुसते गिरविणाऱ्यांत तसे आढळले नाही. कारण असे सुचविले गेले, की मोकळ्या हाताने काढलेले अक्षर दर वेळी थोडे वेगळे येते, कधी लठ्ठ, कधी तिरके. आणि या वेगळेपणातूनच अक्षराचे अक्षरपण मुलाला उमगते.

धूळपाटीचे मर्म येथे उलगडते. छापील ठिपक्यांची वही मुलाच्या हाताला दुसऱ्याच्या रेषेवरून चालविते. काचेच्या पडद्यावर बोट टेकताच अक्षर आयते उमटते. वाळू यांपैकी काहीच करीत नाही. ती मुलाने काढावे तसे अक्षर काढू देते. चुकले तर त्याची खूण मागे ठेवीत नाही आणि पुन्हा काढायला तितकीच कोरी जागा देते. अपत्य मागे पडेल या भीतीने तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन चौकोनी रकान्यांत पाने भरून घेणाऱ्या आजच्या आईवडिलांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या वयाच्या हाताला पेन्सिल जड असते. बोटाला वाळू जड होत नाही.

विजयादशमीच्या त्या ताटात पूर्वजांनी जे सांगून ठेविले आहे, ते एका दिवसापुरते नसावे. अक्षर आधी कानाने ऐकावे, बोटाने काढावे, आणि चुकेल तितक्यांदा पुसून पुन्हा काढता यावे. शेजारी चूक दाखविणारा सोबती असावा, आणि त्या ताटाजवळ येण्यास कोणत्याही मुलाला मज्जाव नसावा. देवळाच्या ओसरीवर यातल्या पहिल्या गोष्टी होत्या, शेवटची नव्हती. कोसबादच्या टेकडीवर त्या साऱ्या एकत्र आल्या. टी. नगरात दसऱ्याच्या दिवशी मूल मांडीवरून उतरते, तळहाताने तांदूळ सारखे होतात आणि ताट पुन्हा कोरे होते. दुसऱ्या दिवशी तेच ताट पुन्हा मुलासमोर ठेविले, तर ओनामा झाला असे खऱ्या अर्थाने म्हणता येईल.